पान सातवरचे नऊ शब्द

नऊ शब्द होते त्या बातमीत. नवांपैकी नऊ वहिनींना आले, म्हणून मी त्यांच्या वहीत लाल पेनाने ‘शाब्बास’ लिहिलं आणि खाली एक चांदणी काढली. टिंगी, माझी तान्ही लेक, माझ्या मांडीवर होती. तिने पेनाला हात मारला आणि चांदणीचं एक टोक पान सोडून टेबलावर गेलं. आम्ही दोघी किती हसलो होतो त्या दिवशी.

वहिनी म्हणजे माझ्या मोठ्या दिरांची बायको. आमच्या डोक्यावरच, वरच्या मजल्यावर राहतात. पंख्यांच्या कारखान्यात चौदा वर्षं वाइंडिंगच्या टेबलावर होत्या. पंख्याच्या मोटारीत लोखंडाचं एक कडं असतं, त्याला आतून खाचा असतात. त्या खाचांतून तांब्याची बारीक तार गुंडाळत न्यायची. वेढा एक कमी नाही, एक जास्त नाही. या कामाला यंत्रं आहेत, पण नवा नमुना असो, नाजूक तुकडा असो, नाहीतर यंत्राने बिघडवून ठेवलेला असो, सगळं शेवटी वहिनींच्या टेबलावर यायचं. “मोजतात ती माझी बोटं, मी नुसती बसलेली असते,” असं त्या म्हणायच्या.

चौदा वर्षांनी बोटं शाबूत राहिली, मनगट गेलं. बाटलीचं झाकण उघडायलासुद्धा त्या नवऱ्याला हाक मारू लागल्या. डॉक्टर म्हणाले, काम बदला. जसं काही काम म्हणजे उशीचा अभ्रा.

त्याच आवारात, पलीकडच्या बाजूला, दिव्यांचा हॉल होता. तिथली शिफ्ट सुपरवायझर निवृत्त होणार होती. सुपरवायझरला तार नाही. हातात पॅड, अंगात करडा कोट, दिवसभर फिरणं आणि लिहिणं. अटी दोनच. एक म्हणजे तोंडी परीक्षा, आणि तीही इंग्रजीत, कारण वरचे साहेब बदलल्यापासून सकाळची मीटिंग इंग्रजीत व्हायला लागली होती. दुसरी म्हणजे पंख्यांच्या हॉलमधली आपली जागा लिहून सोडायची. त्यासाठी पिवळा फॉर्म असायचा. सोडलेली जागा दुसऱ्याच दिवशी यादीतल्या पुढच्या बाईला जायची, मग परत येणं नाही. हॉलमधल्या सगळ्या बायका त्या पिवळ्या फॉर्मला टरकून असत.

एका दुपारी वहिनी शिफ्ट संपवून आल्या, चप्पल दारात काढली आणि थेट म्हणाल्या, “अगं, मला इंग्रजी शिकव.”

“कधीपर्यंत?”

“दोन महिने.”

“वहिनी, दोन महिन्यांत तर टिंगीला मान सावरता आली नव्हती.”

“मला मान आहे. ती वर करून बोलायचंय फक्त.”

मी हो म्हणाले. आधी एक कबूल करते. टिंगी व्हायच्या आधी सहा वर्षं मी इंग्रजीच्या क्लासमध्ये शिकवत होते. फळ्यापुढे उभी राहिले की पस्तीस माणसं पेन उघडायची. टिंगी झाल्यावर मला लोक दोनच प्रश्न विचारायचे, प्यायली का आणि झोपली का. पाच महिन्यांनी कुणीतरी मला काहीतरी तिसरं विचारलं होतं. मी नुसती हो म्हणाले नाही, मी हरखून गेले.

पहिल्या दिवशी मी माझं जुनं प्राथमिक पुस्तक काढलं. पहिल्या पानावर चटईवर बसलेली मांजर. वहिनींनी ती दोन मिनिटं बघितली.

“ही कशाला?”

“सुरुवात म्हणून.”

“आमच्या हॉलमध्ये मांजर शिरली तर झाडू घेऊन हाकलतात. साहेब तिच्याबद्दल विचारणार नाहीत.”

तितक्यात टिंगीने दुपटं ओलं केलं. तिच्या अंगाखाली आम्ही वर्तमानपत्र घालायचो. माझ्या नवऱ्याच्या ऑफिसात साहेबांसाठी रोज एक इंग्रजी वर्तमानपत्र येतं, गुलाबी कागदाचं, नुसतं व्यापार आणि अर्थकारण. साहेब त्याची घडीही मोडत नाहीत. दुसऱ्या दिवशी ते आमच्या घरी येतं आणि फडताळात, काचा पुसायला, टिंगीच्या अंगाखाली, असं कुठेही जातं. मी ओला कागद ओढून काढला, तशी वहिनींनी माझा हात धरला.

“थांब थांब. हे काय लिहिलंय? टार्गेट ना? अगं, रोज सकाळी हाच शब्द आमच्या डोक्यावर आपटतात!”

तिथून आमचं ठरलं. मांजर परत कपाटात गेली आणि गुलाबी कागद टेबलावर आला. त्यात वहिनींचे सगळे ओळखीचे शत्रू होते. आउटपुट, शॉर्टफॉल, डेडलाइन, कॉस्ट कटिंग. इतकी वर्षं हे शब्द त्यांनी कानाने झेलले होते, आता ते डोळ्यांनी बघायला मिळत होते. शब्द सापडला की त्या खुर्चीत पुढे सरकायच्या. “हा बघ, हा! याच्यामुळे मागच्या वर्षी आमची चहाची सुट्टी पाच मिनिटांनी कापली.”

पद्धत अशी होती. रोज एक छोटी बातमी मी निवडायची, टिंगीची नखं कापायच्या कात्रीने कापायची आणि वहीत डाव्या पानावर चिकटवायची. अवघड शब्दांखाली रेघ. उजव्या पानावर शब्द, अर्थ, आणि त्यांचं स्वतःचं एक वाक्य. दुसऱ्या दिवशी तोंडी विचारणा. वही माझ्याकडेच राहायची, कारण वर नेली असती तर मोठे दीर चिडवत राहिले असते. तसे ते मनाने चांगले, पण चिडवायचा एक मुद्दा मिळाला की आठवडाभर पुरवतात.

अर्थ लक्षात ठेवायची वहिनींची तऱ्हा वेगळी होती. शब्द घरातल्या कुणाला तरी नेऊन चिकटवल्याशिवाय त्यांना चैन नसे. स्लम्प म्हणजे एकदम खाली बसणं, असं मी सांगितलं, तर म्हणाल्या, “म्हणजे आमचे हे, घरी आल्यावर, सोफ्यावर.” व्होलटाइल म्हणजे कधी भडकेल सांगता येत नाही असं. “हेही आमचे हेच.” रिबाउंड म्हणजे पडून पुन्हा उसळणं. “ही तुझी पोरगी. पाळण्यात टेकवली की उसळली.” मी हसू दाबून म्हणायचे, वाक्य करा. त्या करायच्या. “द बेबी रिबाउंड्स एव्हरी आफ्टरनून.” काय चूक होती त्यात?

आणि एक त्यांची खोड होती. तिचीच तर ही सगळी गोष्ट आहे.

त्यांना बातमी वाचायची असायची. म्हणजे शब्द संपले तरी त्या तिथेच अडकून बसायच्या. कुठल्याशा देशात कापडगिरणीतली साडेतीनशे माणसं कमी केली, अशी बातमी. मी ‘ले ऑफ’खाली रेघ मारून पुढे निघालेली, आणि वहिनी विचारतायत, “मग ती माणसं कुठे गेली?”

“ते नाही दिलंय.”

“असं कसं नाही दिलंय? साडेतीनशे म्हणजे काय चार भांडी आहेत?”

“वहिनी, पुढचा शब्द.”

“त्यांना आधी सांगितलं होतं का गं? का सकाळी गेली आणि गेट बंद?”

टिंगी दुपारी चार वाजता झोपायची आणि पावणेपाचला उठायची. पंचेचाळीस मिनिटं. त्यातली दहा तिला झोपवून हळूच हात काढून घेण्यात जायची. उरलेल्या पस्तीस मिनिटांत दूर कुठल्या गिरणीतल्या माणसांचं काय झालं हे बघत बसलो असतो तर परीक्षा बुडाली असती. म्हणून मी नियम केला. बातमी नाही, शब्द. वहीच्या पुठ्ठ्यावर आतून लिहूनच ठेवला. क्लासमध्येही मी असंच करायचे. पोरं फाटे फोडायला लागली की डस्टर टेबलावर आपटून म्हणायचे, मुद्द्यावर या. ते चालायचं, कारण तिथल्या बातम्या खरंच दुसऱ्यांच्या असायच्या.

वहिनींनी नियम पाळला. मधूनच प्रश्न तोंडाशी यायचा, मग माझ्याकडे बघून ओठ मिटायच्या. “बरं बाई. शब्द.” मला तेव्हा वाटायचं, माझी विद्यार्थिनी सुधारतेय.

परीक्षा शनिवारी होती. पिवळा फॉर्म त्याच दिवशी, परीक्षेच्या आधी, ऑफिसात द्यायचा होता. त्याच आठवड्यातला मंगळवार.

टिंगीला दात येत होते. आदल्या रात्रीपासून अंग कोमट, तोंडातून लाळेची धार. साडेचार वाजता कुठे ती कशीबशी झोपली, तीही माझ्या मांडीवर. मला हलता येत नव्हतं, म्हणून त्या दिवशी बातमी वहिनींनीच शोधली. पान सात, खालचा कोपरा, पत्त्याएवढी.

“ही बघ! लायटिंग! लायटिंग म्हणजे दिवे ना?”

“हो. वाचता आलं की तुम्हाला!”

“आणि इथे बघ, फॅन्स. दिवे आणि पंखे. अगं, हे आमच्यासारखंच दिसतंय.”

मी मान वाकडी करून बघितलं. टिंगीचं डोकं कोपरावर होतं, त्यामुळे अर्धीच बातमी दिसत होती. पहिल्या ओळीत एका मोठ्या उद्योगसमूहाचं नाव होतं. मी ते कधी ऐकलं नव्हतं. वहिनींच्या कारखान्याच्या गेटवर दुसरंच नाव आहे, ते मला पाठ होतं.

“तुमच्या कंपनीचं नाव नाही हे,” मी म्हणाले.

“नाव नाही, पण दिवे आणि पंखे...”

“वहिनी, जगात दिव्या-पंख्यांचा कारखाना काय एकच आहे?”

“तसं नाही गं. म्हणजे काय करणार आहेत हे लोक दिव्यांचं?”

आणि मी म्हणाले, “कुणी का असेना, काहीही करेना. चारच दिवस राहिलेत. तुम्ही शब्द बघा.”

वहिनी ओठ मिटून हसल्या. “बरं बाई. शब्द.”

नऊ शब्द निघाले. फेज आउट म्हणजे टप्प्याटप्प्याने बंद करणं. कन्सॉलिडेट म्हणजे विखुरलेलं एका जागी आणून पक्कं करणं. व्हायेबल म्हणजे ज्यात दम आहे, जे तगून राहील. रिडंडंट म्हणजे ज्याची आता गरज नाही. क्वार्टर म्हणजे वर्षाचे तीन महिने. आणखी चार होते. मी एकेक शब्द बातमीतून चिमट्याने उचलावा तसा उचलला, वहिनींच्या पुढ्यात ठेवला, त्याचा अर्थ सांगितला. नऊ वेळा. आणि ते नऊ शब्द ज्या तीन वाक्यांत बसले होते, ती तीन वाक्यं मी सलग वाचली नाहीत. कुणाला हे सांगितलं तर खरं वाटणार नाही. वाइंडिंगच्या टेबलावर काम करणाऱ्या बाईला तरी वाटेल. तार बघता बघता पंखा दिसत नाही.

बुधवारी तोंडी विचारणा झाली. नवांपैकी नऊ. त्या दिवशीची ती चांदणी.

शनिवारी संध्याकाळी वहिनी जिन्यातूनच ओरडत आल्या. टिंगी दचकून उठली, पण त्या दिवशी मी काही बोलले नाही.

“अगं, मी बोलले! घडाघडा बोलले!”

“काय विचारलं?”

“दोन साहेब होते. एक आमचा, एक वरून आलेला, चकचकीत बुटांचा. त्याने विचारलं, दिव्यांच्या हॉलमध्ये तुम्ही काय सुधारणा कराल? मी म्हटलं, सर, वी शुड कन्सॉलिडेट द पॅकिंग टेबल्स. दोन टेबलं दोन टोकांना आहेत ना, बायका चालून चालून दमतात. मग म्हटलं, देन द हॉल विल बी मोअर व्हायेबल.”

“अय्या, वहिनी!”

“आणि तुला सांगते, दोघांनी एकमेकांकडे असं बघितलं! त्या चकचकीतने पेन खाली ठेवलं. म्हणाला, हे शब्द तुम्ही कुठे शिकलात? मी म्हटलं, न्यूजपेपर, सर. त्यावर दोघंही गप्प. अगदी गार पडले.”

आम्ही दोघींनी त्या नजरेचा अर्थ लावला. साहेब लोक थक्क झाले. वाइंडिंगच्या टेबलावरची बाई व्हायेबल म्हणते म्हणजे काय! मी तर नवऱ्याला ती हकिगत दोनदा सांगितली. दुसऱ्यांदा सांगताना त्यात थोडी भर घातली.

सोमवारी जागा मिळाल्याचं पत्र आलं. वहिनी करडा कोट घालून खाली दाखवायला आल्या. बाह्या जरा लांब होत्या, त्या मी हातशिलाईने आखूड करून दिल्या. मोठे दीर दारात उभे राहून म्हणाले, “आता घरात पण सुपरवायझर. माझं तर टार्गेट कधीच पूर्ण होणार नाही.” वहिनींनी पॅडवर लिहिल्यासारखं केलं, “आउटपुट लो. शॉर्टफॉल हाय.” तेही हसले. इतकं मोकळं हसताना मी त्यांना क्वचित बघितलं होतं.

वाइंडिंगच्या टेबलावर वहिनींच्या जागी एक नवी मुलगी बसली. तिला वहिनींनीच स्वतःहून तीन दिवस थांबून काम शिकवलं. “हात चांगला आहे पोरीचा,” असं सांगत होत्या, आणि सांगताना त्यांना समाधान होतं.

पाच आठवडे. मी मागाहून मोजले. पाच आठवडे वहिनींनी तो कोट घातला. मनगटाला आराम पडला होता. बाटलीचं झाकण त्यांनी एकदा माझ्यासमोर स्वतः उघडलं आणि माझ्याकडे बघून भुवया उडवल्या.

सहाव्या आठवड्यातल्या एका सकाळी दिव्यांच्या हॉलच्या फलकावर एक कागद लागला. दोन परिच्छेद, इंग्रजीत. चाळीस बायका त्याच्यापुढे गोळा झाल्या आणि कुणालाच काही कळेना. मग एकजण म्हणाली, “सरका गं, ताईंना येऊ दे. त्यांना येतं इंग्रजी.”

हे सगळं वहिनींनी मला त्याच दुपारी, नेहमीच्या वेळेला, नेहमीच्या खुर्चीत बसून सांगितलं. कोट अंगातच होता.

“मला वाट करून दिली त्यांनी. लहान मुलाला पुढे उभं करतात ना फोटोत, तसं. मी वाचायला लागले. मोठ्याने. म्हणजे वाचत होते आणि आपल्या भाषेत सांगत होते. आणि अगं, मला एकही शब्द अडला नाही. एकही नाही. फेज आउट आलं, सांगितलं. क्वार्टर आलं, सांगितलं. रिडंडंट आलं, तेव्हा जरा थांबले. ती टोकाची बाई म्हणाली, ताई, म्हणजे काय हो? मी म्हटलं, म्हणजे आपण.”

टिंगी झोपली होती. मी तिच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं.

“हॉल बंद. तीन महिन्यांनी. पंख्यांचा चालू राहणार, दिव्यांचा बंद.”

“मग तुमची जुनी जागा?”

“गेले होते जेवणाच्या सुट्टीत. फोरमन म्हणाला, पिवळा फॉर्म तुम्हीच दिलात ना. त्याचं तरी काय चुकलं? ती पोरगी माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. खाली मान घालून तार गुंडाळत होती. चांगली गुंडाळत होती.”

मग त्या उठल्या, ओट्यापाशी गेल्या, पाणी प्यायल्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, “कागदावर वर नाव भलतंच होतं बघ. आपल्या गेटवरचं नाही. कुठल्या तरी समूहाचं. मालक म्हणे तेच आहेत, दोन वर्षांपासून. आम्हाला कुणी सांगितलंच नाही.”

त्यांनी ते नाव उच्चारलं.

त्या वर गेल्यावर मी खण उघडला. झबल्यांखालची वही काढली. मंगळवारचं पान. बातमी पत्त्याएवढी. मी ती पहिल्यांदाच पहिल्या अक्षरापासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत वाचली. अर्धं मिनिटही लागलं नाही. त्या समूहाने ठरवलं होतं की दिव्यांचं उत्पादन पुढच्या क्वार्टरमध्ये फेज आउट करायचं, पंख्यांचं काम कन्सॉलिडेट करायचं, कारण तेवढंच व्हायेबल आहे, आणि दिव्यांकडचे कर्मचारी रिडंडंट ठरतील. शब्दांखाली माझ्या हाताच्या रेघा. सरळ, पट्टीने मारलेल्या. मंगळवार होता तो. पिवळा फॉर्म शनिवारी गेला. चार दिवस. वहिनींनी विचारलं होतं, काय करणार आहेत हे लोक दिव्यांचं. त्या प्रश्नाचं उत्तर माझ्या कोपराखाली होतं.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, “वेडी आहेस. कारखाना तू बंद केलास का?” त्याचं बरोबर आहे. पण जागा सोडू नका, एवढं सांगणं माझ्या हातात होतं, आणि ते मी केलं नाही. ह्या दोन गोष्टी तो एकच समजतो. मी नाही समजू शकत.

दहा दिवस मी वहिनींना टाळलं. जिन्यात पावलं वाजली की टिंगीला उगाच आतल्या खोलीत घेऊन जायचे. अकराव्या दिवशी टिंगीला कडेवर घेतलं, वही काखेत धरली आणि वर गेले. दीर कामावर होते. वहिनी खिडकीत बसून अर्ज लिहीत होत्या. गल्लीच्या टोकाला एक माणूस जळलेल्या मोटारी दुरुस्त करतो, त्याच्याकडे तार गुंडाळायचं काम होतं. तासावर पैसे. पुन्हा तेच काम, तेच मनगट.

मी वही उघडून त्यांच्यापुढे ठेवली. मंगळवारच्या पानावर बोट ठेवलं. टिंगीने मात्र अर्जाचा कागद ओढायला सुरुवात केली.

वहिनींनी वहीकडे बघितलंही नाही. टिंगीच्या मुठीतून कागद सोडवत म्हणाल्या, “माहितेय मला.”

“कधीपासून?”

“फलकापुढे उभी होते तेव्हाच कळलं. शब्द तेच, त्याच क्रमाने आले. म्हटलं, हे आपण वाचलंय. मंगळवारी. टिंगीला दात येत होते.”

“मग तुम्ही मला बोलला का नाहीत? शिव्या तरी द्यायच्या.”

“काय बोलू? मी विचारलं होतं तुला.” त्या इतक्या हळू म्हणाल्या की त्यात राग शोधूनही सापडला नाही. सापडला असता तर मला बरं वाटलं असतं. “तू नको म्हणालीस, मी गप्प बसले. मी पण बसायला नको होतं. चौदा वर्षं ज्या आवारात काढली, तिथले दिवे आणि पंखे मला ओळखता येऊ नयेत? आले होते की ओळखता. पण तू मास्तरीण ना.”

मी रडायला लागले. टिंगी माझ्याकडे बघून हसली, तिला तो खेळ वाटला.

“पूस डोळे. आणि एक ऐक. यांना सांगायचं नाही.”

“भाऊजींना?”

“त्यांना वाटतंय कंपनीने फसवलं. फसवलंच आहे, खोटं नाही. पण हे कळलं तर तुझं नाव धरून बसतील. तुला माहितेत ते कसे आहेत. एक मुद्दा मिळाला की आठवडा पुरवतात, हा जन्मभर पुरवतील. दोन्ही घरांचं बोलणं बंद होईल. मला ही पोरगी बघायला जिन्यात उभं राहावं लागेल. नको.”

“पण वहिनी, मला सांगायचंय त्यांना.”

“तुला हलकं वाटावं म्हणून? त्याचं वजन मग मी उचलू?”

वहिनींनी वही मिटली आणि माझ्या हातात दिली. खाली येताना मला जाणवलं की मी क्षमा मागायला गेले होते, आणि क्षमेच्याही आधी माझ्यावर एक उपकार चढवून त्यांनी मला परत पाठवलं. आणि मी तो घेतला.

त्याच रविवारी सगळे आमच्याकडे चहाला होते. वरून आल्यापासून मी मनाशी ठरवत होते, सांगायचंच. वहिनी काहीही म्हणोत, खरं ते खरं. कप मांडताना पहिलं वाक्यही जुळवलं होतं. भाऊजी, त्या बातमीबद्दल मला तुम्हाला काही सांगायचंय. एवढंच. पुढचं आपोआप आलं असतं.

मोठे दीर सोफ्यावर बसून कंपनीच्या नावाने खडे फोडत होते. वरच्या लोकांना आधीपासून माहीत होतं, तरी हिला करडा कोट घातला, शेवटचे काही महिने हॉल कुणीतरी सांभाळायला हवा होता म्हणून. मुद्दाम केलं. कुणीतरी आधी कानावर घालायला नको? एक माणूस नाही तिथे, की बाई, फॉर्म देऊ नकोस असं सांगेल? वहिनी त्यांच्या शेजारी बसून टिंगीला बिस्किटाचा तुकडा चोखायला देत होत्या. त्यांनी एकदाही वर बघितलं नाही.

मी कपांचा ट्रे घेऊन त्यांच्यापुढे वाकले. तोंड उघडलं होतं मी.

तेवढ्यात ते थांबले. माझ्याकडे बघून त्यांचा आवाज एकदम उतरला. “या सगळ्यात एक तूच गं. तान्ही पोर सांभाळून हिच्यासाठी रोज बसलीस. नोकरी गेली ती गेली, पण ही चाळीस बायकांपुढे उभी राहून इंग्रजी वाचून आली. मी कधी बोललो नाही. तुझे उपकार आहेत आमच्यावर.”

वहिनींनी आता वर बघितलं. दिरांकडे नाही, माझ्याकडे. त्यात विनवणी होती की नुसती वाट बघणं होतं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. टिंगीने बिस्किट खाली टाकलं आणि ते उचलायला त्या वाकल्या.

“त्यात काय, भाऊजी,” मी म्हणाले, आणि त्यांच्या कपात साखर घालून ढवळत राहिले.